लग्न इटालियनशी, पासपोर्ट मात्र आपलाच

नवीन पनवेलमध्ये क्रूझवर नोकरी करणारी मुलं कमी नाहीत. त्यातल्या एखाद्याचं इटालियन मुलीशी जमलं, की सोसायटीत लगेच निकाल लागतो: "सुटला पोरगा! लग्न झालं की इटलीचा पासपोर्ट आपोआप." हे इतक्या ठामपणे सांगतात, की सांगणाऱ्याने रोममध्ये गृहमंत्रिपद भूषवलं असावं.

आपोआप काहीही होत नाही. इटलीचा नागरिकत्व कायदा 1992 चा, क्रमांक 91. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे लग्नानंतर इटलीत दोन वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं, किंवा इटलीबाहेर राहत असाल तर लग्नाला तीन वर्षं झाली, की अर्ज करता येतो. मूल असेल, दत्तकसुद्धा, तर मुदत निम्मी. ही मुदत नुसता अर्ज करण्याची, बरं का. त्यावर निर्णय द्यायला सरकारला 24 महिने आहेत आणि ते 36 पर्यंत वाढवता येतात. मूलबाळ नसलेल्या, पनवेलमध्येच राहणाऱ्या जोडप्याने पाच-सहा वर्षांचा हिशेब धरावा.

मग हे 'आपोआप' आलं कुठून? इटलीच्याच जुन्या कायद्यातून. 1912 च्या कायद्यानुसार इटालियन पुरुषाशी लग्न करणारी परदेशी स्त्री लग्नाबरोबरच इटालियन व्हायची. एप्रिल 1983 मध्ये ते बंद झालं. आणि ही सोय बायकोलाच होती, परदेशी नवऱ्याला नव्हतीच. म्हणजे ज्या पोराच्या नावाने सोसायटीत पेढे वाटायची तयारी चालते, त्याला 1982 सालीही काही मिळालं नसतं. एजंट लोक 'सहा महिन्यांत करून देतो' म्हणतात, तेही असंच शिळं. 1992 च्या मूळ कायद्यात इटलीत सहा महिन्यांचं वास्तव्य पुरत होतं. 2009 मध्ये त्याची दोन वर्षं झाली. एजंटाच्या फाइलीत मात्र अजून 2008 साल चालू आहे.

ज्यांना तरीही पटत नाही, त्यांनी उलट्या बाजूचं आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण आठवावं. सोनिया गांधींचं लग्न 1968 चं आणि भारताचं नागरिकत्व 30 एप्रिल 1983 चं. मधल्या पंधरा वर्षांवर राजकारण हवं तेवढं करा, पण पंतप्रधानांच्या घरात सून म्हणून आल्यानेही कोणी आपोआप नागरिक होत नाही, एवढं त्यातून दिसतं. आजही भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला नोंदणीने नागरिकत्व हवं असेल, तर इथे सात वर्षं राहावं लागतं.

दुसरा हट्टी गैरसमज: "दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात, इटली चालवून घेते." इटली घेते, भारत घेत नाही. राज्यघटनेचं नववं कलम आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम, दोन्हींचं म्हणणं एकच: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की आपलं गेलं. इटलीच्या नागरिकत्वाची शपथ घेतली, की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही इटालियन. मग भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचं कार्ड काढायचं. ओसीआयला मतदान नाही. आणि आपल्याकडे जास्त बोचणारी गोष्ट म्हणजे शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू शकतं, पण शेजारचे चार गुंठे घ्यायचे म्हटलं तर नाही. पनवेलजवळच्या विमानतळाच्या आसपास जमिनीला सोन्याचा भाव आलेला असताना शपथ घेण्याआधी घरात बसून बोलायचा विषय हा आहे, व्हिसाचा नव्हे.

कागदपत्रांचं म्हणाल, तर अडतं ते नावावर. जुन्या जन्मदाखल्यावर कित्येकदा बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगी'. शाळेत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. त्यात इटलीच्या सरकारी कागदांत लग्नानंतरही स्त्रीचं माहेरचंच आडनाव चालतं. तेव्हा इटालियन नवऱ्याचं आडनाव हौसेने पासपोर्टवर चढवून घेतलंत, तर जन्मदाखला एकीचा आणि पासपोर्ट दुसरीचा असं दिसतं. जन्मदाखला आणि पीसीसी, म्हणजे गुन्हा दाखल नसल्याचं पोलीस प्रमाणपत्र, दोन्हींवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, आणि सोबत इटालियन भाषांतर लागतं. हे अर्जाच्या आदल्या आठवड्यात होत नाही. पीसीसीची मुदतही सहा महिनेच, म्हणून ते शेवटी काढावं.

बाकीचे गैरसमज किरकोळ.

"घरी इंग्रजीत बोलतो, भाषेचं काय अडतंय?" डिसेंबर 2018 पासून इटालियनची बी-1 पातळी सिद्ध करावी लागते, सहसा मान्यताप्राप्त परीक्षेच्या प्रमाणपत्राने.

"पनवेलला लग्न लावलं की झालं." इथलं लग्न इटलीत जोडीदाराच्या नगरपालिकेच्या दप्तरी नोंदवावंच लागतं.

"एकदा अर्ज टाकला की पुढे पटलं नाही तरी चालतं." निर्णयाआधी घटस्फोट किंवा कायदेशीर विभक्ती झाली तर अर्ज संपला, नागरिकत्व मिळाल्यानंतर झाली तर ते जात नाही.

"पासपोर्ट मिळेपर्यंत तिकडे नोकरी करता येत नाही." येते. इटलीत एकत्र राहत असाल तर कुटुंबीय म्हणून वास्तव्याचा परवाना मिळतो आणि त्यावर काम करता येतं. कित्येकांना खरी गरज तेवढीच असते, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट सोडावा लागत नाही.