चिखलात टाका, डांबरावर काढा

२२ सप्टेंबर २०२५. त्या दिवशी मराठवाड्यातल्या परंडा तालुक्यात पुराच्या वेढ्यात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. त्याच दिवशी देशभर जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पहिल्या बातमीची ओल डिसेंबरातही रानात होती. दुसरीमुळे गावोगावच्या पारावर एकच वाक्य ऐकू येतं : आता घ्यायचाच तर फोर बाय फोर.

या दोन बातम्या त्याच जिल्ह्यातल्या बेंबळीच्या रस्त्यावर एकत्र आलेल्या मी बघितल्या. डिसेंबरातली पहाट, सहा-साडेसहाची वेळ. वरून पांढरं झालेलं पण खाली ओलंगच्च असलेलं रान, उसाचा फड, आणि फडातून डांबरावर चढणारी भरलेली ट्रॉली. ट्रॅक्टरच्या चाकांना थापलेली काळी माती डांबरावर पन्नास-शंभर पावलं पडत जाते. त्यावर रात्रीचं दव. मोटरसायकलवाला तिथं पाय खाली सोडून जातो. पुढे कोरडा रस्ता, आणि पुढच्या फडाच्या तोंडाशी पुन्हा तोच लेप. हिवाळ्यातली गाडी चालवणं म्हटलं की आपल्याला मनालीचे फोटो आठवतात. पण चाकाच्या बाजूनं पाहिलं तर बेंबळीचा हा रस्ता आणि मनालीजवळच्या सोलंगचा रस्ता यांच्यात एक गोष्ट अगदी सारखी आहे : पकड कधी आहे आणि कधी नाही, हे दर शंभर फुटांवर बदलतं. फुल टाइम फोर बाय फोर घ्यावी की पार्ट टाइम, या प्रश्नाचं उत्तर याच बदलण्यात दडलेलं आहे. शोरूममध्ये मात्र ते कुणी सांगत नाही. तिथं अश्वशक्ती, सनरूफ आणि हप्ता एवढ्यावरच बोलणं संपतं.

ज्यांनी लहानपणी मळणी बघितली आहे त्यांना फोर बाय फोरचं यंत्र समजायला एक मिनिट पुरेल. खळ्याच्या मधोमध तिवडा. त्याला बैलांची पात बांधलेली. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा फिरतो, म्हणून तिथं म्हातारा बैल बांधायचा. कडेच्या बैलाला मोठा फेर असतो, तिथं तरणा लागतो. एका फेऱ्यात दोघांची पावलं सारखी पडत नाहीत आणि पडूही नयेत. गाडी वळते तेव्हा चाकांचं असंच होतं. डाव्या-उजव्या चाकांतला फरक डिफरन्शियल सांभाळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुढचा आक्स आणि मागचा आक्स यांच्यातही फेराचा फरक असतो, हे आपण विसरतो. पुढची चाकं वळणात नेहमी बाहेरून जातात. दोन आक्सांमध्ये अडीच मीटरच्या आसपास अंतर असलेली जीपसारखी गाडी घ्या आणि मागच्या आक्साचा मध्य पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरवा. एका पूर्ण फेरीत मागचा आक्स सुमारे ३१ मीटर जातो आणि पुढचा ३५. साडेतीन-चार मीटरचा हा फरक कुठंतरी जिरला पाहिजे.

पार्ट टाइम गाडीत फोर व्हीलचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडले जातात. दोन्हींनी सारखेच फेरे घ्यायचे. तिवड्याजवळच्या म्हाताऱ्या बैलाला कडेच्या तरण्याइतकी पावलं टाकायला लावण्यासारखंच ते. चिखलात हे चालतं, कारण चाक थोडं घसरतं आणि फरक मातीत जिरतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग पीळ शाफ्टमध्ये, गिअरमध्ये, क्रॉसमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी हँडब्रेक ओढल्यासारखी अडते आणि दांडा काढायला गेलं तर निघत नाही. फुल टाइम गाडीत याच जागी तिसरं डिफरन्शियल असतं. ते हा फरक सोडून देतं, त्यामुळे डांबर असो की बर्फ, चारही चाकं सदा ओढत राहतात. एवढाच मूळ फरक. बाकी सगळं ब्रोशर.

बेंबळीत एक ट्रॅक्टरचे मिस्त्री आहेत. त्यांच्या शेडमध्ये अर्धा दिवस बसलो, आणि या विषयावर वाचलेल्या सगळ्या मजकुराहून जास्त तिथं शिकलो. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नुसतं मामा म्हणतो. मामांनी भिंतीला टेकवलेला एक पुढचा टायर दाखवला. नक्षी कातरून गुळगुळीत झालेली, आणि मागचा जोड मात्र नव्यासारखा.

“हा शेतात झिजला न्हाई, भाऊ,” ते म्हणाले. “हा रस्त्यानं झिजला. दांडा टाकून कारखान्यापतोर गेला आन तसाच माघारी आला.”

यामागचं कारण त्यांनी पाना बाजूला ठेवून समजावलं. फोर बाय फोर ट्रॅक्टरची पुढची चाकं लहान असतात, पण गिअरचं प्रमाण असं बसवलेलं असतं की दांडा टाकल्यावर ती मागच्यांपेक्षा किंचित जास्त धावतात, साधारण एक ते पाच टक्के. मऊ रानात त्यामुळे पुढची चाकं ट्रॅक्टरला खरोखर ओढतात, नुसती सोबत फिरत नाहीत. डांबरावर मात्र तेवढ्याच टक्क्यांनी ती प्रत्येक मीटरला रस्त्यावर घासली जातात. सरळ रस्त्यावरसुद्धा. म्हणून पुढचे टायर बदलताना भलताच आकार बसवला, किंवा मागचे पार झिजले असताना पुढचे नवे टाकले, की हे प्रमाण बिघडतं. टायरवाल्याला हे माहीत नसतं, शेतकऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि वर्षभरानं पुढच्या आक्सातून आवाज यायला लागतो. ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटीही त्याच सप्टेंबरात १८ वरून ५ वर आला. बदलायचेच असतील तर कंपनीनं सांगितलेल्या जोडीनं बदलावेत, हे मी मामांच्या वतीनं कळकळीनं सांगतो.

दांडा डांबरावर टाकायची एक जागा मात्र त्यांनी सांगितली, आणि ती मला नवीन होती. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. भरलेली ट्रॉली मागं असताना उतार लागला, खाली ओला चिखल पसरलेला असला, आणि ब्रेक दाबल्यावर मागची चाकं घसरू लागली, तर दांडा आधीच टाकलेला असेल तर पुढची चाकंही अडवायला लागतात. उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, उतार संपला की काढायचा. मधे नाही. दांडा अडकलाच तर बळ लावायचं नाही : गाडी सरळ करून दहा पावलं मागं घ्यायची, पीळ सुटतो आणि दांडा हातात येतो.

आता मातीबद्दल, कारण आमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. दख्खनच्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकांपासून झालेली ही काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीची आहे. पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात भेगेत हात जातो आणि त्याच रानात पाऊस झाला की माणूस घोट्यापर्यंत रुततो. वाळूत टायरची नक्षी स्वतःला साफ करत जाते. काळ्या मातीत नक्षी भरून जाते आणि चाक गुळगुळीत गोळ्यासारखं होतं. त्या क्षणी फुल टाइमवाल्या गाडीचं तिसरं डिफरन्शियल फायद्याऐवजी अडचण करू शकतं. डिफरन्शियल सैल चाकाकडे फेरे सोडून देतं. पुढचं एक चाक चिखलात मोकळं फिरू लागलं तर मधलं कुलूप नसलेल्या गाडीची सगळी ताकद त्याच चाकात संपते. म्हणून रानात जाणाऱ्या फुल टाइम गाड्यांना मधलं डिफरन्शियल लॉक करायची सोय देतात. म्हणजे चिखलात खोल उतरलं की फुल टाइमलाही शेवटी पार्ट टाइमसारखंच जखडून घ्यावं लागतं.

यावरून माझं मत झालं आहे आणि ते मी आडपडदा न ठेवता मांडतो. ज्याची गाडी घर ते शेत, शेत ते कारखाना, आणि वर्षातून दोनदा तुळजापूर-सोलापूर अशी फिरते, त्याला पार्ट टाइमच बरोबर. वर्षाचे तीनशे दिवस तो दोन चाकांवर चालेल, डिझेल वाचेल, आणि पांदणीत शिरताना दांडा टाकेल. फुल टाइमचा जास्तीचा खर्च ज्या रस्त्यासाठी असतो तो रस्ता आपल्याकडे थोडाच आहे.

थोडाच आहे, पण आहे. सुरुवातीला सांगितलेला चिखल-डांबराचा तो पट्टा हाच फुल टाइमचा रस्ता. तिथं पार्ट टाइमवाला कात्रीत सापडतो. दांडा टाकावा तर कोरड्या तुकड्यावर पीळ बसतो. काढावा तर गाडी निव्वळ मागच्या चाकांवर राहते, आणि ओल्या लेपावर वळताना पाय जरा जास्त पडला की मागचा भाग बाजूला सरकतो. हिमाचलातही हेच होतं. उन्हातला रस्ता कोरडा, डोंगराच्या सावलीतलं वळण गोठलेलं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फ पडून हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या होत्या. तशा दिवशी पोलिस पुढे फक्त फोर बाय फोर सोडतात. आपल्याकडची मुलं ती बातमी वाचतात आणि फोर बाय फोर म्हणजे परवाना असं समजतात.

तो परवाना पुढे जाण्याचा आहे, थांबण्याचा नाही. याच मुद्द्यावर माझी सगळ्यात जास्त काळजी आहे. ट्रॅक्टर सोडला तर ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात, मग ती टू व्हील असो की फोर व्हील. थांबण्याचं अंतर ठरवतो टायर आणि खालचा रस्ता. ताशी ४० किलोमीटर वेगानं कोरड्या डांबरावर नुसता ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ३० मीटरच्या वर लागतात, आणि गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर ६० च्या पुढे. चार चाकं ओढतात म्हणून हा आकडा एका फुटानंही कमी होत नाही. उलट सहज वेग घेता येतो म्हणून चालवणाऱ्याला खालची घसरण कळतच नाही. टू व्हीलवाल्याचं चाक निघतानाच फिरतं आणि तो सावध होतो. फोर व्हीलवाल्याला पहिली सूचना वळणावर मिळते.

आणि मुळात दारात उभी असलेली गाडी फोर व्हील आहे का, हे तरी बघा. २०२० च्या १५ ऑगस्टला नवी थार आली तेव्हा ती सगळीच पार्ट टाइम फोर बाय फोर होती. जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार मिळू लागली. बाहेरून दोन्ही सारख्याच. थार रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये आहे. त्यात सप्टेंबर २०२५ च्या कररचनेतही एक पायरी आहे : चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल इंजिनाची गाडी १८ टक्क्यांत बसते, त्याहून मोठं इंजिन ४० टक्क्यांत जातं. लहान इंजिनाची मागच्या चाकांची थार पहिल्या गटात, फोर बाय फोर दुसऱ्यात. पूरग्रस्त जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला चिखलातून बाहेर पडायची सोय चैनीच्या दरात घ्यावी लागते, हे मला पटत नाही. ट्रॅक्टरला ५ टक्के लावताना जो विचार झाला तो दांड्याच्या साध्या जीपसाठीही व्हायला हवा.

फुल टाइम गाड्या आपल्यापासून लांब नाहीत. १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आउडीनं क्वाट्रो आणली आणि कायम चार चाकांवर चालणारी गाडी घाटरस्त्याच्या शर्यतीत जिंकू शकते हे दाखवलं. त्याच आउडीच्या क्वाट्रो गाड्या आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्यात जोडल्या जातात. मराठवाड्यातले हात ही यंत्रं रोज बसवतात. आणि जून २०२५ मध्ये टाटांनी हॅरियर डॉट ईव्ही आणली, तिच्या चारही चाकांवर चालणाऱ्या प्रकारात पुढं एक मोटर, मागं एक मोटर. मधे शाफ्टच नाही, मग पीळ बसणार कुठं? पुढच्या दहा वर्षांत आपला हा सगळा वाद त्या दोन मोटरींत विरघळून जाईल असं मला वाटतं. पण ट्रॅक्टरचा दांडा तोवर राहणार, आणि काळी मातीही.

२०२१ मध्ये राज्यानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली. पांदण पक्की झाली की निम्म्या ट्रॉल्या फडातून दांड्याशिवाय निघतील, डांबरावर माती कमी येईल आणि पहाटे मोटरसायकलवाल्याला पाय खाली सोडावे लागणार नाहीत. ज्या शिवारात ती झाली नाही तिथं फडाच्या तोंडाशी मुरमाच्या दोन खेपा टाकून चाकं झटकायची जागा करता येते. कारखान्यांनी आणि मुकादमांनी हंगामाच्या पहिल्या आठवड्यात एवढं केलं तरी खूप.

निघताना मामांनी एका पोराला हाक मारली. नवा ट्रॅक्टर, हारतुरे अजून बॉनेटवर. शेडसमोरच्या कोरड्या जागेत दांडा टाकून त्याला स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू एक फेरी मारायला लावली. अर्ध्या फेऱ्यातच पुढचा टायर कुरकुरला, ट्रॅक्टर अडला. पोरगं घाबरून मामांकडे बघू लागलं.

“आता सरळ माघारी घे,” मामा म्हणाले. “दहा पावलं. आन मग काढ.”

दांडा खट्कन सुटला. पोरानं तो पुन्हा एकदा टाकला आणि पुन्हा काढला.