पेण-रोह्याच्या खवय्यांनो, सुशी खायला निघालात?

पेण-रोह्याच्या माणसाला भात आणि मासळीचं वेड शिकवावं लागत नाही. म्हणूनच मुंबईला गेल्यावर त्याने एकदा तरी जपानी हॉटेलात जेवावं. ताजमहाल पॅलेसमधलं ‘वसाबी बाय मोरिमोटो’ २००४ पासून आहे, पण खिशाला जड. वांद्र्यात नूरेशा काबली यांचं ‘इझुमी’ २०१८ मध्ये सुरू झालं. रामेन आणि सुशी, दोन्हींसाठी ते नावाजलेलं आहे.

सुशीची खरी परीक्षा भातात.

आखूड दाण्याचा चिकट तांदूळ शिजवायचा, गरम असतानाच त्यात तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ हलक्या हाताने मिसळायचं, वारा घालून तो कोमट करायचा. मग त्याच्या छोट्या मुटक्यावर माशाचा पातळ काप. खाताना सोया सॉसमध्ये माशाची बाजू टेकवावी. भात बुडवला की तो सुटतो. सोबतचं गुलाबी आलं दोन घासांच्या मध्ये खायचं. गारढोण, कडक भात पुढे आला, तर त्या हॉटेलात पुन्हा जाऊ नये.

कच्च्या माशाची धास्ती रास्त आहे. परजीवी मरावेत म्हणून असा मासा उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस गोठवतात. त्यामुळे बाजारातली ताजी सुरमई घरी कच्ची खाण्याचा प्रयोग करूच नये.

शाकाहाऱ्यांनी काकडीचं कप्पा माकी मागवावं. मिसो सूप मात्र आधी विचारूनच घ्या, त्यात बहुतेकदा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो.