उंबराच्या पोटातला व्यवहार

शाळेच्या पुस्तकात जीवसृष्टीचे कप्पे पक्के असतात. उत्पादक, भक्षक, विघटक; पुढच्या धड्यात सहजीवन आणि परजीवन. धडा चुकीचा नाही. पण सह्याद्रीतल्या एखाद्या उंबराला तो लावून पाहिला, की एकाच जीवाला एका कप्प्यात ठेवणं अवघड होऊन बसतं.

उंबराची फुलं दिसत नाहीत, कारण ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आतच ती दाटीनं असतात. म्हणीतली केंबरं, म्हणजे उंबर फोडल्यावर दिसणारे बारीक किडे, याच फुलांत वाढतात. केंबरांची जेमतेम दोन मिलिमीटरची मादी फळाच्या तोंडाशी असलेल्या खवल्यांमधून आत घुसते. वाट इतकी अरुंद, की पंख तिथंच तुटतात. काही फुलांत ती अंडी घालते, बाकीच्यांवर सोबत आणलेले पराग टाकते आणि आतच मरते. ज्या फुलात अंडं, त्यात बी धरत नाही. ते अळीच्या वाट्याला जातं. थोड्या बिया देऊन झाड परागणाची मजुरी चुकती करतं. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर अळ्या वाढलेल्या फुलांच्या गाठींतून आधी बाहेर पडतात, अजून गाठींतच असलेल्या माद्यांशी मीलन करतात, फळाची भिंत पोखरून वाट काढून देतात आणि मरतात. त्या वाटेनं पराग घेऊन निघालेल्या मादीचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात तिला नेमक्या अवस्थेतलं दुसरं झाड गाठायचं असतं. नामिबियात उंबराच्या भाऊबंदांवरची अशी केंबरं वाऱ्यावर १६० किलोमीटरपर्यंत गेल्याचं २००९मध्ये दिसून आलं. अंजीरवर्गीय झाडं आणि हे कीटक यांची जोडी सुमारे ७.५ कोटी वर्षांची आहे.

(पुरंदरचं अंजीर खाताना किडा पोटात जातो का, हा प्रश्न हमखास येतो. ते वाण परागणाशिवायच फळ धरतं, तिथं केंबरांची गरज नाही.)

मग मादी सगळ्याच फुलांत अंडी का घालत नाही? मला या सगळ्यात थक्क करतं ते याचं उत्तर. फळाच्या बाहेर दुसरेच कीटक टपलेले असतात. सालीतून लांब सोंड आत खुपसून ते परागवाहकांच्या अळ्यांवर आपली अंडी घालतात. उंबरावरच्या अशा एका जातीच्या सोंडेच्या टोकाला जस्त असतं, म्हणून ती कडक सालही भेदते. ऑस्ट्रेलियातल्या एका अंजीरवर्गीय झाडावर २००८मध्ये असं दिसलं, की सालीजवळच्या फुलांतल्या अळ्या या परजीवींना सापडतात, खोल आतल्या वाचतात. त्यामुळे आत अंडी घालणं मादीच्या फायद्याचं ठरतं आणि बाहेरच्या फुलांत बिया धरतात. म्हणजे झाडाच्या मित्राला मर्यादेत ठेवतो तो मित्राचा शत्रू. उंबरावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या याच परजीवींना टिपतात. आणि त्याच मुंग्या झाडाचा रस शोषणाऱ्या किड्यांना गोड द्रवाच्या बदल्यात सांभाळतात. मुंगीला कुठल्या कप्प्यात घालायचं?

केंबरांना बाराही महिने कुठंतरी झाड हवं असतं, म्हणून वड, पिंपळ किंवा उंबर यांपैकी कुठल्याही जातीची सगळी झाडं एकाच वेळी फळत नाहीत. इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही रानात फळ मिळतं ते यामुळेच. जगभरात बाराशेहून अधिक जातींचे पशुपक्षी ही फळं खातात. आपल्याकडे रात्री वटवाघळं आणि उदमांजरं, खाली पडलेल्यांवर भेकरं आणि रानडुकरं. उरलेलं बुरशी आणि मुंग्या संपवतात. विष्ठेतून पडलेलं वडाचं बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं आणि कालांतरानं त्यालाच वेढून मारतं.

ही फळं खाणाऱ्यांत धनेश पक्षीही आहे. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि कित्येक आठवडे नर आणून देईल त्यावर जगते. त्या घासांत मोठा वाटा याच फळांचा. पण धनेशाला खायला फळझाड आणि घरट्याला ढोलीचं झाड, दोन्ही लागतात. उंबर दत्ताचा म्हणून वाचतो. ढोली मात्र अनेकदा असते जुन्या बेहड्याला, आणि बेहडा लाकडासाठी तोडला जातो. भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी गावकरी आणि पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन यांनी बेहड्याची फळं जपून गोळा करून औषधी बाजारात विकायची वाट काढली. उभ्या झाडाचे दर हंगामात पैसे मिळू लागल्यावर कुऱ्हाड थांबली. त्या बेहड्यांच्या ढोल्यांत धनेशाची पिल्लं वाढतात.