वाइन कूलर घेताय? आधी मे महिना आठवा

दुकानात काचेच्या दारामागे निळा दिवा लागलेला असतो, वर १२ अंशांचा आकडा झळकत असतो आणि विक्रेता सांगत असतो, "आवाज अजिबात नाही, वीजही नावालाच लागते." दुकानातला एसी २४ वर चालू आहे, हे मात्र तो सांगत नाही. खरी गोम तिथेच आहे.

बिनआवाजाचा म्हणून विकला जाणारा छोटा कूलर बहुतेक वेळा थर्मोइलेक्ट्रिक असतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. ज्याँ पेल्तिए या फ्रेंच माणसाने १८३४ साली दाखवून दिलं होतं, की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली तर एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. गार बाजू आत, तापलेली बाहेर आणि तिच्यावर एक पंखा, एवढाच कारभार. याची अडचण अशी, की तो खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकतो. दुकानातल्या २४ अंशांत त्याला १२ गाठणं सोपं आहे. पुण्यातल्या वरच्या मजल्यावरच्या घरात मे महिन्यात दुपारी खोली ३६ वर गेली, की तोच कूलर १८च्या आसपास अडखळतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. पाटीवर १२ दिसत राहिलं तरी बऱ्याच मॉडेलांत तो तुम्ही मागितलेला आकडा असतो, मिळालेला नव्हे. पडताळा घ्यायचा तर पाण्याने भरलेल्या पेल्यात साधा थर्मामीटर बुडवून पेला रात्रभर मधल्या फळीवर ठेवावा आणि दुपारी पुन्हा पाहावा. हवेपेक्षा पाण्याचं तापमान बाटलीतल्या वाइनच्या जवळचं असतं.

म्हणून किती बाटल्या बसतात हे विचारण्याआधी मागच्या पट्टीवरची 'क्लायमेट क्लास'ची अक्षरं वाचावीत. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, एसटी म्हणजे ३८ पर्यंत, टी म्हणजे ४३ पर्यंत. युरोपातल्या घरांसाठी बनलेल्या यंत्रांवर अनेकदा एन किंवा एसएन असतं, आणि एसएनची वरची मर्यादाही ३२च. महाराष्ट्रात बिगर-एसी खोलीत ठेवायचा असेल तर कॉम्प्रेसरवाला आणि किमान एसटी वर्गाचा घ्यावा; विदर्भ-मराठवाड्यात टी. इथे तडजोड नको.

आता 'वीज नावालाच' या दाव्याकडे. अशा छोट्या कूलरवरचा, समजा, ७० वॉटचा आकडा लहान दिसतो खरा. पण उन्हाळ्यात थर्मोइलेक्ट्रिक कूलर मागितलेलं तापमान गाठतच नाही, त्यामुळे तो थांबतही नाही. ७० वॉट गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला जवळपास पावणेदोन युनिट, महिन्याला पन्नास. घरातला मध्यम आकाराचा, चांगल्या स्टार रेटिंगचा फ्रिज वर्षाला दोनशे-अडीचशे युनिटांत भागवतो. डझनभर बाटल्यांचं खोकं घरभराच्या फ्रिजपेक्षा दुपटीने वीज खातंय, ही गंमत बिल आल्यावरच कळते.

कॉम्प्रेसरच्या थरथरीने वाइन बिघडते, ही भीती फारच ताणली जाते. दहा-पंधरा वर्षं मुरवायच्या बाटलीच्या बाबतीत ती काळजी समजण्यासारखी आहे. दिवाळीला आणून नाताळात संपवायच्या बाटलीला काहीही होत नाही.

रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यायची, हे वाक्य आपल्याकडे तर भलताच गोंधळ घालतं. ती रूम युरोपातली, जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. ठाण्यातल्या ३२ अंशांच्या दिवाणखान्यात ठेवलेली शिराझ ग्लासात ओतली की आधी अल्कोहोलच नाकात जातं, फळाचा स्वाद मागे पडतो. पिण्याआधी काही वेळ साध्या फ्रिजमध्ये ठेवली तरी काम होतं.

रेड आणि व्हाइट वेगवेगळ्या तापमानाला पितात, म्हणून दोन कप्प्यांचा, 'ड्युअल झोन' कूलर हवाच, असंही ठसवलं जातं. साठवण आणि पिणं यांची इथे गल्लत होते. साठवायला दोघींनाही १२-१३ अंश चालतात; त्याहीपेक्षा ते तापमान वर-खाली न होणं महत्त्वाचं. पाहुण्यांपुढे दोन्ही एकाच वेळी अचूक गार करून ठेवायच्या असतील तरच दोन कप्प्यांचे पैसे मोजावेत.

खरं तर आधी विचारायला हवं, कूलर लागतोच का? नाशिकची शेनाँ ब्लाँ किंवा सोविन्याँ ब्लाँ बहुतांशी ताजेपणी, वर्षा-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनते. ती ठेवून ठेवून सुधारत नाही, उतरते. चार-सहा बाटल्या आणि महिन्याभराचा मामला असेल तर फ्रिजचा खालचा भाजीचा कप्पा पुरतो. फक्त दारात उभी करू नये, तिथे प्रत्येक उघडझापीला बाटली तापते आणि हलते. आडवी ठेवायची ती बूच ओलं राहावं म्हणून. फिरवून उघडायचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी बिघडत नाही.

कूलर घ्यायचाच ठरला, तर बाटल्यांच्या आकड्यावर जाऊ नका. तो बोर्दो पद्धतीच्या सरळ खांद्याच्या ७५० मिलीच्या बाटलीवर मोजलेला असतो. दिंडोरीच्या शँडनसारख्या स्पार्कलिंगच्या फुगीर बाटल्या आल्या, की अठरा बाटल्यांच्या कूलरमधल्या चार-पाच जागा सहज जातात, आणि फळ्या मागे-पुढे सरकत नसतील तर लेबलं खरवडून निघतात. ओट्याखाली बसवायचा असेल तर गरम हवा पुढून बाहेर टाकणाराच घ्यावा. मागून टाकणारा ट्रॉल्यांच्या शेजारी कोंबला तर तो स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो. मुंबई-गोव्याच्या दमटपणात 'आर्द्रता नियंत्रणा'साठी जास्तीचे पैसे देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही; तिथे दारावर दव साचून फळ्यांना बुरशी येणं हीच मोठी डोकेदुखी, तेव्हा दुहेरी काच आणि घट्ट रबर पाहावं.

उघडलेली बाटलीही कूलरमध्ये टिकते, असं समजू नका. हवा लागली की तिचं बिघडणं सुरू होतं, आणि १२ अंशांपेक्षा फ्रिजच्या ४ अंशांत ते जास्त हळू होतं. तिला झाकण लावून तिकडेच ठेवा.

आणि मोठं कपाट घेणाऱ्यांसाठी एक रूक्ष बाब. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. घरात मद्य बाळगायला परवाना लागतो आणि त्यावर किती साठा ठेवता येतो, यालाही मर्यादा आहे. शंभर बाटल्यांचा कूलर विकणारा हे सांगत नाही. ऑर्डर देण्याआधी आपला परवाना काढून वाचावा.