वनसहलीचा बेत आणि परतीची वेळ

पावसाळा सरून हवेत गारवा येऊ लागला, म्हणजे आमच्या धर्मग्रामांतील युवक मंडळांस डोंगरांची ओढ लागते. ही ओढ आम्हांस चांगली वाटते. मोशेला दहा आज्ञा मिळाल्या त्या सिनाय पर्वतावर, आणि प्रभू येशू एकांतात प्रार्थना करण्यास पुष्कळदा डोंगरावर जात असे. घराच्या चार भिंती आणि हातांतील मोबाइल सोडून एक दिवस झाडांच्या सहवासात काढणे हे शरीरास हितकर आहे, आणि आत्म्यासही. परंतु वाचकहो, सहलीच्या आनंदाविषयी सर्वजण बोलतात, तिच्या बेताविषयी मात्र फारच थोडे. म्हणून आज आम्ही बेताविषयीच लिहिणार आहोत.

नाताळच्या सुट्टीतील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक माता आमच्याकडे आली. दुसऱ्या दिवशी मंडळाची सहल होती. "फादर," ती म्हणाली, "पोरगा उद्या नेमका कुठं जाणार आणि किती वाजता परत येणार?" मुलगा शेजारीच उभा होता. "मोलेला," एवढेच त्याने सांगितले. आता, मोलेचे अरण्य म्हणजे काही गावातील बाग नव्हे. भगवान महावीर अभयारण्य आणि त्यातील मोले राष्ट्रीय उद्यान मिळून ते सुमारे २४० चौरस किलोमीटर पसरलेले आहे. एवढ्या रानात मुलगा वेळेवर परतला नाही, तर त्याला शोधावयाचे कोठे? त्या मातेचा प्रश्न साधा होता, पण सहलीचा सगळा बेत त्या प्रश्नाच्या उत्तरात सामावलेला आहे: कोठे जाणार, कोणाबरोबर जाणार आणि किती वाजता परतणार.

मोलेचेच उदाहरण घेऊ, कारण गोव्याच्या व बेळगाव भागातील आमच्या वाचकांस ते जवळचे आहे. बेळगावहून खानापूर व अनमोड घाटाच्या वाटेने तेथे सकाळी पोहोचता येते, आणि पणजीहून फोंड्यावरून. या अरण्याचा १०७ चौरस किलोमीटरांचा गाभा १९७८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. गवा, शेकरू, नागराज यांचे हे घर. मोलेपासून सुमारे बारा-तेरा किलोमीटरांवर, रानाच्या कुशीत, कदंबांच्या काळातील तांबडी सुर्ल्याचे काळ्या पाषाणाचे महादेवाचे मंदिर आहे, आणि गोवा-कर्नाटकाच्या सीमेवर ३१० मीटर उंचीवरून दूधसागर कोसळतो. मंदिरात जाणे झाल्यास आमच्या मुलांनी पादत्राणे बाहेर ठेवावीत आणि आवाज खाली ठेवावा. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानी कसे वागतो, यावरूनच आपल्या घरच्या संस्कारांची पारख होते.

बेताची पहिली पायरी म्हणजे परवानगी. राष्ट्रीय उद्यानात व अभयारण्यात मन मानेल त्या वाटेने शिरता येत नाही. आठ-दहा दिवस आधी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. कोणती वाट खुली आहे, किती जणांस सोडतात, वाटाड्या मिळेल काय आणि किती वाजेपर्यंत बाहेर यावे लागते, हे सारे लिहून घ्यावे. वाटाड्याच्या पैशांत काटकसर करू नये. ज्याचे बालपण त्या रानात गेले, त्याला वाट तर ठाऊक असतेच, शिवाय कोणत्या ओढ्याचे पाणी कधी चढते आणि गवे कोणत्या उतारावर चरतात, हेही तो जाणतो.

येथे एका गोष्टीविषयी आम्हांस स्पष्ट लिहिणे भाग आहे. कुळे ते कॅसलरॉक हा रेल्वेमार्ग दूधसागराच्या अगदी पुढून जातो, आणि त्या रुळांवरून चालत धबधबा गाठण्याची टूम तरुणांत पुष्कळ वर्षे चालत आली. "सगळेच जातात, फादर," असे आम्हांस ऐकवले जाते. या घाटात चढ ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे, वळणे आहेत आणि बोगदे आहेत. उतारावर लादलेली मालगाडी मनात आणले तरी चटकन थांबवता येत नाही, आणि धबधब्याच्या गर्जनेत तिचा आवाज कानी येईलच अशी खात्री नाही. रुळांवरून चालणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वये गुन्हा आहे. २०२३ च्या जुलैत शेकडो तरुणांना तेथून परत पाठवण्यात आले. पण गुन्हा आहे म्हणूनच तेवढे टाळावे असे नव्हे. आईच्या काळजाचा विचार करूनही टाळावे.

पाण्याविषयीही तेच. त्याच महिन्यात गोव्यातील नेत्रावळी अभयारण्यात मैनापी धबधब्यावर दोघांचा बुडून मृत्यू झाला, आणि त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. आपल्या डोक्यावर ऊन असते, पण वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो, आणि गुडघाभर ओढा पाहता पाहता छातीएवढा होतो. शेवाळलेल्या खडकावर पट्टीचा पोहणाराही पाय घसरून पडतो, आणि डोक्यास मार बसला म्हणजे पोहण्याची कला निरुपयोगी ठरते. म्हणून आमचा सल्ला असा, की कुटुंबासह वा मंडळासह जावयाचे ते पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत, आणि पाण्यात उतरण्याचा बेत मुळीच करू नये.

दुसरी पायरी वेळेच्या हिशेबाची. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम सांगितला, तो आजही उपयोगी पडतो. दर तीन मैलांस एक तास धरावा, आणि दर दोन हजार फूट चढाईस आणखी एक तास. समजा, आपणांस जाताना पाच किलोमीटर चालावयाचे आहे आणि वाटेत तीनशे मीटरांची, म्हणजे सुमारे हजार फुटांची, चढण आहे. या नियमाने दीड तास होतो. पण हा नियम सराव असलेल्या माणसांसाठी आहे. आमच्या बरोबर दहा वर्षांचा मुलगा असतो, गुडघे दुखणाऱ्या काकू असतात, आणि पक्षी दिसला की सारेजण थांबतात. म्हणून हा काळ दुप्पट धरावा, म्हणजे तीन तास. जेवण व विश्रांतीस एक तास आणि परतीस पुन्हा तीन तास. एकूण सात तास झाले. सकाळी साडेआठला चालू लागलो, तर साडेतीनला गाडीपाशी पोहोचू. डिसेंबरात या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दाट झाडीच्या दरीत त्याच्याही आधी अंधारून येते. म्हणजे हाताशी दोन-अडीच तास उरतात. हे तास चैनीचे नव्हेत. कोणाचा पाय मुरगळला, कोठे वाट चुकली, तर त्यासाठी ते राखून ठेवलेले आहेत.

याच हिशेबातून सहलीचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय निघतो, आणि तो घरी बसूनच करावा: मागे वळण्याची वेळ. वरील उदाहरणात ती साडेबारा आहे. साडेबारा वाजता जेथे असू तेथून मागे फिरावयाचे, मग मुक्काम पुढच्या वळणावर दिसत का असेना. हा निर्णय डोंगरावर करू म्हटले तर होत नाही. तेथे उत्साह असतो, ईर्ष्या असते, "आता आलोच" असे म्हणणारा एक तरी मित्र असतो. घरी शांत डोक्याने ठरवलेले वचन मात्र त्या क्षणी आपला हात धरते.

चालीचा वेग ठरवावयाचा तो सर्वांत मंद चालणाऱ्यावरून. त्याला पुढे ठेवावे आणि इतरांनी त्याच्या मागून चालावे. एक जाणता माणूस सर्वांत शेवटी असावा, आणि त्याच्या मागे कोणीही राहू नये. प्रत्येक फाट्यावर थांबून डोकी मोजावीत. पुष्कळदा तगडे तरुण पुढे धावतात, वर जाऊन विश्रांती घेतात, आणि मागचे धापा टाकीत येऊन पोहोचताच पुन्हा निघतात. अशाने ज्याला विश्रांतीची खरी गरज, त्यालाच ती मिळत नाही. हा अन्याय सहलीत सहज घडतो, आणि कुटुंबातही!

आता शिदोरी व सामान. माणशी निदान तीन लिटर पाणी असावे. चपात्या, उकडलेली अंडी, केळी, गूळ-शेंगदाणे यांसारखे न नासणारे अन्न न्यावे, आणि मीठ-साखरेच्या पाण्याची सोय असावी. अंग झाकणारे सुती कपडे, लांब विजार, पायमोजे आणि पकड असलेले बंद बूट घालावेत. रानात चपला घालून जाऊ नये. विजेरी, शिट्टी, पट्ट्या व मलमाची लहान पेटी बरोबर घ्यावी. मोबाइल न्यावा, पण त्यावर विसंबू नये, कारण दाट रानात त्याची हाक पोहोचत नाही. माकडांना काही खाऊ घालू नये, आणि नेलेला प्रत्येक कागद व पिशवी परत आणावी.

रानातील धोक्यांपैकी वाघ-बिबळ्याची भीती सर्वांस वाटते, लहानशा गोचिडीची कोणासच वाटत नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात ओळखला गेलेला माकडताप हा रोग गोचिडीच्या चाव्याने होतो, आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. त्याचा जोर हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत अधिक असतो. म्हणून विजारीची टोके पायमोज्यांत खोचावीत, पालापाचोळ्यावर बसू वा लोळू नये, मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्यास कळवावे, आणि घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकून स्नान करावे. पुढील आठवड्याभरात एकाएकी जोराचा ताप व डोकेदुखी झाली, तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सर्पदंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये आणि दोरीने आवळून बांधू नये. माणसास धीर द्यावा, दंश झालेला अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा, आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात विनाविलंब न्यावे. जवळचे असे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक प्रत्येकाच्या खिशात लिहिलेले असावेत.

शेवटी एक चिठ्ठी. तीवर वाट, जाणाऱ्यांची नावे, गाडीचा क्रमांक, परतण्याची वेळ, आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास कोणास कळवावे, हे लिहावे. एक प्रत घरी ठेवावी आणि एक धर्मगुरूंच्या निवासात द्यावी. त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच.

कोणी म्हणेल, "फादर, इतका हिशेब केल्यावर मजा ती काय राहिली?" यावर आम्ही एका मोठ्या गिर्यारोहकाचे नाव सांगू. १८८९ साली मिलानचे एक तरुण धर्मगुरू, आकिल्ले रात्ती, आल्प्स पर्वतातील माँते रोझा हे शिखर त्याच्या बिकट पूर्वेकडील बाजूने चढून गेले, आणि शिखराजवळ कडाक्याच्या थंडीत त्यांनी उघड्यावर रात्र काढली. पुढे १९२२ साली तेच अकरावे पायस या नावाने पोप झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी आल्प्सच्या खिंडीत वाटसरूंसाठी आश्रयगृह उभारणाऱ्या संत बर्नार्ड यांस गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. अशा धाडसी माणसाचे गिर्यारोहणाविषयी मत काय होते? हे काम बेदरकारपणाचे नसून मुख्यतः विवेकाचे आहे, असेच ते मानीत. ख्रिस्ती नीतिशास्त्र चार मुख्य सद्गुणांत विवेकाला पहिले स्थान देते, कारण त्याच्यावाचून धैर्यही आंधळे होते.

७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद पावलेले पिएर जॉर्जो फ्रास्साती हेही डोंगरवेडे होते. तुरीन शहरातील हा विद्यार्थी मित्रांना घेऊन पर्वतावर जाई, आणि इतर दिवशी गोरगरिबांच्या घरी औषधे व अन्न पोहोचवी. १९२५ साली वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी तो वारला. मागे पडणाऱ्या सोबत्यासाठी थांबणे आणि गरिबाच्या दारी थांबणे, ही एकाच हृदयाची कामे होत, हे त्याच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे कळते.

तेव्हा युवकांनो, अवश्य जा. रविवारी जाणार असाल, तर पहाटेची मिस्सा चुकवू नका. वाटाड्याचे ऐका, रुळांपासून व खोल पाण्यापासून दूर राहा, आणि साडेबारा वाजता मागे वळा. न पाहिलेले वळण पुढच्या वर्षीही तेथेच असेल. आणि आईबापांनो, मुलांना अडवू नका, पण त्या चिठ्ठीवाचून उंबरठा ओलांडू देऊ नका. देव तुमची वाट सुखरूप करो.