गळ्यातली माळ मोडीच्या भावात देऊ नका

दागिना म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सराफाचं दुकान येतं. सोनं, चांदी, फार तर हिरा-माणिक. पण नव्या घडणीचे दागिने करणारे कलाकार मुलूखभर हिंडतात ते केवळ खड्यांसाठी नव्हे. कुठले लोक अंगावर काय घालतात, ते कशाचं करतात, रंगाशेजारी रंग कसा बसवतात, हेही त्यांना बघायचं असतं. त्यातून त्यांना नवी कल्पना सुचते आणि त्या कल्पनेचे शहरात पैसे होतात.

असा पाहुणा भामरागडकडे केव्हाही वळू शकतो. तो येण्याआधी आपल्या घरात, बांधावर आणि जंगलात काय आहे, त्याचं मोल किती, हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे. नाही तर भाव तो सांगेल आणि आपण मान डोलावू.

ओपी अनट्रॅक्ट नावाचे एक धातुकाम करणारे कलाकार होऊन गेले. जन्म अमेरिकेतला, पुढे फिनलंडमध्ये स्थायिक झाले. भारतात पुन्हा पुन्हा येऊन, गावोगाव हिंडून त्यांनी दागिन्यांचा अभ्यास केला आणि १९९७ साली भारतातल्या पारंपरिक दागिन्यांवर जाडजूड ग्रंथ काढला. त्या ग्रंथात राजेरजवाड्यांच्या रत्नांबरोबर बियांच्या, गवताच्या, मण्यांच्या माळांनाही मानाची जागा आहे. म्हणजे जाणकार माणूस कशाला दागिना म्हणतो, ते बघा.

खडे कुठे आहेत?

आधी खड्यांचा प्रश्न मिटवू. आपल्या जिल्ह्याचं नाव हिऱ्यांशी जोडलेलं आहे, हे खरं. आरमोरी तालुक्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबर बादशहाच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. आज वैरागडला किल्ला आहे, खाण चालू नाही.

नागपूरजवळच्या माहुरझरीला दोन हजार वर्षांहून जुन्या काळातले अकीक आणि तांबड्या दगडाचे मणी उत्खननात सापडले. तिथे मणी घडवण्याचा मोठा धंदाच होता. अकीक हा काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार होणारा दगड. भामरागडचा खडक त्या कातळाहून कितीतरी जुना आणि वेगळ्या जातीचा. म्हणून अकीक शोधायला इकडे कोणी येणार नाही. त्यासाठी लोक गुजरातेत खंभातला जातात. तिथे दगड तापवून लाल करतात, घासतात, भोकं पाडतात. त्या घासकामाची धूळ छातीत जाऊन तिथल्या कित्येक कारागिरांना फुफ्फुसाचा असाध्य रोग जडला आहे. चकचकीत मण्यामागे कोणाचा तरी श्वास खर्ची पडलेला असतो, हे विसरू नये.

मग इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमीच्या संगमावर दागिन्यांचा कलाकार काय घेईल? तीन गोष्टी. माडिया बायांच्या गळ्यातल्या मण्यांच्या सरी, जुन्या रुपयांच्या माळा आणि जंगलातल्या बिया.

मणी बाहेरचे, हात आपले

रेला नाच असला की माडिया बायांच्या गळ्यात मण्यांच्या सरीवर सरी दिसतात. हे बारीक काचेचे मणी काही इथे होत नाहीत. काचेचे मणी उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरसारख्या गावांत होतात. पूर्वी युरोपातल्या बोहेमियाचे मणीही व्यापारी देशात आणत. कच्चा माल बाजारातला, कोणालाही मिळणारा. मग माळेची किंमत कशात आहे? कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी, किती मण्यांनंतर गाठ, सर किती लांब, यात. हे ज्ञान आजीकडून नातीकडे आलेलं आहे. पाहुणा त्याच्याचसाठी एवढा प्रवास करतो. तेव्हा मण्याच्या वजनावर माळ विकणं म्हणजे धानाचं वाण फुकट देऊन पोत्याचे पैसे घेण्यासारखं आहे.

रुपयांच्या माळेचं आणखी वेगळं. गावोगाव मोड घेणारे फिरतात आणि जुन्या नाण्यांची माळ गिलटाच्या भावात मागतात. हा हिशेब पाठ करून ठेवा. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा, म्हणजे कंपनी छाप, राणी छाप आणि त्यानंतरच्या राजांच्या छापाचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. त्यात शंभरात जवळपास ९२ भाग चांदी, म्हणजे एका रुपयात साधारण साडेदहा ग्रॅमच्या वर चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मी. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाही. नाण्यावर साल असतं, ते वाचता येणाऱ्या पोराला वाचायला सांगा. त्या दिवसाचा चांदीचा भाव विचारा आणि मग बोला. अडचण नसेल तर विकूच नका, कारण एकदा आटवलेली माळ परत येत नाही.

गुंज : दिसते गोड, आत विष

आता बियांकडे येऊ. लाल अंगावर काळा ठिपका असलेली गुंज कोणाला ठाऊक नाही? पूर्वी सोनाराच्या काट्यावर हीच मापाला असे. ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजांचा एक तोळा. एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम भरते. दिसायला इतकी देखणी की नव्या माणसाला पहिला मोह हिचाच होतो.

पण गुंजेच्या आत अतिशय जहाल विष आहे. टरफल कडक असल्यामुळे अख्खी गिळलेली गुंज पुष्कळदा तशीच बाहेर पडते. चावली, फुटली किंवा माळेसाठी तिला भोक पाडलं की विषाला वाट मिळते. लहान मूल एका चावलेल्या गुंजेनेही दगावू शकतं. या विषावर उतारा नाही. उलट्या आणि रक्ताचे जुलाब काही तासांनी सुरू होतात, म्हणून लक्षणांची वाट बघत बसू नका. मुलाने गुंज चावल्याचा संशय आला तरी लगेच दवाखाना गाठा.

२०११ साली ब्रिटनमधल्या ईडन प्रोजेक्ट या प्रसिद्ध उद्यानाने आपल्या दुकानातून विकलेल्या गुंजेच्या हातमाळा लोकांकडून परत मागवल्या. त्या पेरू देशातून आल्या होत्या. उद्या आपल्या गावच्या माळेवर ही वेळ आली तर गावाचं नाव जाईल आणि गिऱ्हाईकही जाईल. शिवाय भोक पाडणाऱ्या बाईच्या नाकातोंडात भुकटी जाते ती वेगळीच. तेव्हा विक्रीच्या माळेत गुंज नको. लाल रंग हवाच असेल तर रतनगुंज घ्या. तिच्यात हे विष नाही. तरी तीही खायची वस्तू नव्हे.

कसई : देवानेच भोक पाडलेला मणी

ओढ्याकाठी, बांधीच्या पाणथळ कडेला मक्यासारखं दिसणारं एक उंच गवत येतं, त्याला कसई म्हणतात. वैजयंतीची माळ म्हणून देवळांपुढे विकतात ती याच्याच मण्यांची. हा मणी म्हणजे खरं तर मादी फुलाभोवतीचं कडक झालेलं आवरण. फुलाचा देठ आरपार जात असल्याने दोन्ही टोकांना भोक आपोआप राहतं. सुईने आतला वाळलेला देठ काढला की दोरा ओवायला मणी तयार. ना यंत्र, ना धूळ.

पिकाच्या दृष्टीने सांगायचं तर जूनच्या पहिल्या पावसात ओलीच्या जागी बी टोकावं. धानाच्या बांधीच्या खालच्या कडेला, जिथे दुसरं काही नीट येत नाही, तिथे हे चांगलं येतं. पावसाळा संपल्यावर मणी पिकू लागतात. हिरवा मणी तोडू नका, तो सुरकुततो. राखी, पांढरा, चकचकीत झालेलाच घ्या. चांगलं ऊन देऊन कोरड्या डब्यात झाकून ठेवा, कारण आतल्या दाण्याला कीड लागते. खाण्यासाठी लावतात त्या कसईचं आवरण मऊ असतं, ते माळेला चालत नाही. म्हणून बी घेताना मणी नखाने दाबून बघा.

सगळे मणी ओरबाडून आणू नका, काही झाडावर पडू द्या. पंडुम झाल्याशिवाय नवं फळ, नवं धान्य तोंडात घालायचं नाही, ही माडियांची रीत आहे. पिकल्याशिवाय तोडायचं नाही, हे शहाणपण त्या रीतीत आहेच. माळेच्या बियांनाही तेच लागू करा.

आणखी दोन वस्तू लक्षात ठेवा. पळस-कुसुमाची लाख सोनार पोकळ दागिन्यात भरतात. आणि पलीकडे बस्तरात, कोंडागावच्या बाजूला, घडवा कारागीर मेणाची तार मातीच्या गाभ्यावर गुंडाळतात, वर मातीचे थर देतात, तापवून मेण काढतात आणि त्या जागी पितळेचा रस ओततात. जयदेव बघेल यांनी ही कला देशोदेशी नेली. मेण मात्र मधमाशीचं, म्हणजे जंगलाचंच. तेव्हा मध काढून मेण टाकून देऊ नका.

भाव कसा काढायचा?

धानाचा उत्पादन खर्च काढतो तसाच माळेचा काढा. समजा, एका माळेला ५ तास लागले. दिवसाची मजुरी ८ तासांना ३०० रुपये धरली तर ५ तासांचे १८७ रुपये ५० पैसे झाले. बी वेचणं, दोरा, फासा यांचे २५ रुपये. फुटतूट म्हणून दहावा हिस्सा, २१ रुपये. इथेच २३३ रुपये होतात. गाडीभाडं आणि बचत गटाचा वाटा धरला की २६० च्या खाली ती माळ देणं म्हणजे घरचं घालून धंदा करणं. आकडे तुमच्या गावचे घाला, रीत हीच ठेवा. आणि नक्षी नवी सांगून नमुना मागितला तर नमुन्याचे पैसे वेगळे घ्या.

ग्रामसभेने काय करावं?

सरपंच, ग्रामसेवक आणि ग्रामसभेच्या मंडळींना चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क वनात राहणाऱ्यांना दिला आहे. त्यात मध, मेण, लाख ही नावं स्पष्ट आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली स्वतःचा बांबू स्वतः विकला. बियांची गोष्ट छोटी आहे, पण तत्त्व तेच.

दुसरी, गावच्या जैवविविधता नोंदवहीत कसई, लाख, रंग देणारी झाडं यांच्याबरोबर माळांचे नमुनेही लिहा. फोटो तारखेसह लावा. नक्षी नोंदवायच्या कायद्यात नवी नक्षीच नोंदवता येते. आपला नमुना आधीपासून आहे, हे दाखवायला ही नोंद उपयोगी पडेल.

तिसरी, नख, दात, खवले, शिंग विकायला कोणी सांगितलं तर साफ नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हा गुन्हा आहे. पाहुणा निघून जाईल, खटला आपल्या माणसावर राहील.

चौथी, पाहुण्याशी व्यवहार एकट्या-दुकट्या बाईने दारात करू नये. बचत गटाने, ग्रामसभेसमोर, कागदावर करावा. किती माळा, काय भाव, पैसे कधी आणि गावाचं नाव माळेसोबत जाणार की नाही, हे त्यात असावं.

धानाचा भाव ठरवणं आपल्या हातात फारसं नसतं, हे दुःख तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण आजीच्या हातची माळ काय भावाने द्यायची, की द्यायचीच नाही, हे मात्र अजून आपल्याच हातात आहे. या पावसाळ्यात बांधीच्या कडेला मूठभर कसई टोकून बघा आणि घरातल्या रुपयांच्या माळेवरची सालं एकदा वाचून घ्या.