काचेआडून दिसणारे जग

सौरऊर्जेचा विचार आपल्याकडे बहुधा छपरापाशीच थांबतो. छपरावरचे पॅनेल अपारदर्शक आहे, याबद्दल कोणाची तक्रार नसते. त्याच्या आरपार पाहण्याची गरजच कोणाला पडत नाही. खिडकीची गोष्ट निराळी. खिडकीच्या काचेकडूनच वीज मिळवावी, असे प्रयत्न चालू आहेत आणि त्यासाठी सेंद्रिय, म्हणजे कार्बनी संयुगांच्या, सौरघटांकडे आशेने पाहिले जाते. १९८६ साली टँग यांनी वर्णिलेल्या द्विस्तरीय घटाची कार्यक्षमता जेमतेम १ टक्का होती. आज प्रयोगशाळेतील लहान अपारदर्शक घटांनी १८ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक जुनाच पेच दिसतो. काचेवर पडलेला किरण एकदाच खर्चता येतो: त्याची वीज करावी, अथवा त्याला खोलीत येऊ द्यावे. निसर्गाने एक पळवाट मात्र ठेवली आहे. सूर्यप्रकाशातील जवळजवळ निम्मी ऊर्जा अवरक्त, डोळ्यांस न दिसणारी असते. सेंद्रिय रेणू ठरावीक पट्ट्यातील प्रकाशच प्रामुख्याने शोषतात आणि रेणूची घडण बदलून तो पट्टा अवरक्ताकडे सरकवता येतो. सिलिकॉनला अशी निवड जमत नाही.

तरीही हे शोषण पुरतेपणी अदृश्य भागात राहत नाही. थोडे लाल किरण शोषले गेले की काच निळसर-हिरवी दिसते. निळे गेले की पिवळसर. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे, तंत्रविद्यापीठाच्या परिषदगृहावर, २०१४ साली सेंद्रिय घटांच्या जवळच्या नात्यातले, रंगद्रव्यावर चालणारे रंगीत घट बसवले गेले. तेथे रंग हाच अलंकार ठरला. पण परिषदगृहात माणूस घटकाभर थांबतो. कचेरीतल्या कारकुनाला त्याच प्रकाशात आठ तास बसायचे असते. लाल शाईची खूण तपकिरी भासली किंवा शेजाऱ्याचा चेहरा आजारी वाटू लागला, तर तो खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा?

संशोधक दोन गोष्टी मोजतात: डोळ्याला जाणवण्याजोगा किती प्रकाश आत येतो, आणि त्या प्रकाशात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात. दुसऱ्या मोजमापात पूर्ण गुण १०० असतात. सारखाच प्रकाश आत सोडणाऱ्या दोन काचांपैकी एक करडी आणि दुसरी हिरवट असू शकते. म्हणून पहिला आकडा एकटा पुरत नाही. शिवाय उभ्या भिंतीवर वर्षाकाठी छपरापेक्षा ऊन कमीच पडते. म्हणजे केवळ विजेच्या हिशेबात ही काच छपराशी स्पर्धा करू शकणार नाही. तिची खरी किंमत आतल्या माणसाच्या दृष्टीवरच ठरेल. पण काच विकत घेणारा आणि काचेआड बसणारा या दोन निराळ्या व्यक्ती असतात, आणि निविदेवर सही पहिल्याची होते.

म्हणून शाळा-कचेऱ्यांसाठी अशी काच घ्यायची वेळ येईल तेव्हा निविदेत प्रति वॅट खर्चाच्या शेजारी हे दोन्ही आकडे मागावेत. शिवाय नमुन्याची एक काच आधी एकाच खोलीला पंधरवडाभर बसवून, तेथे बसणाऱ्यांस विचारावे.